पुण्यातल्या बागेत ॲस्परॅगस: क्राउन लावण्यापासून पहिल्या तोडणीपर्यंत

पुण्यात ॲस्परॅगस येतो. ही थंड हवेची भाजी, इकडच्या उन्हात टिकायची नाही, असं अनेकांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. पण पेरू देशाच्या किनाऱ्यावरच्या वाळवंटात आणि थायलंडच्या दमट मैदानात ॲस्परॅगसची मोठी शेती होते. तिथे बर्फ तर सोडाच, नीटशी थंडीही पडत नाही. आपलं एप्रिल-मेमधलं ३८-४० अंशांचं ऊन हे झाड सोसतं. ते मरतं जुलैत, मुळाशी पाणी साचून. पुण्यात हे पीक लावताना एवढी एक गोष्ट धरून ठेवली की जागा कुठली, माती कशी, खड्डा किती खोल, लावायचं कधी, या सगळ्याची उत्तरं तिच्यातूनच निघतात.

दुसरी गोष्ट धीराची. मेथी महिन्याभरात संपते, टोमॅटो चार-पाच महिन्यांत. ॲस्परॅगसचा वाफा थंड देशांत १५ ते २० वर्षं उत्पन्न देतो. आपल्याकडच्या उबदार हवेत झाडाला पुरती झोप मिळत नाही, त्यामुळे आयुष्य थोडं कमी होतं, तरी ८-१० वर्षांचा हिशेब धरायला हरकत नाही. मात्र लावल्यापासून पहिलं वर्षभर एकही कोंब तोडायचा नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी भेंडी लावावी, तीही छान येते.

क्राउन म्हणजे काय

क्राउन म्हणजे एक-दोन वर्षांच्या रोपाचा जमिनीखालचा गड्डा. मधोमध आखूड आडवं खोड, त्यावर दाटीने बसलेले डोळे आणि खाली चारी बाजूंना पसरलेली जाडसर, मांसल मुळं. हातात घेतला तर पाय पसरून बसलेल्या मोठ्या कोळ्यासारखा दिसतो. या मुळांमध्ये झाडाची शिल्लक साठवलेली असते. डोळ्यांतून कोंब निघतात ते या साठ्याच्या जोरावर, आणि आपण खातो ते हेच कोंब. कोंब तोडला नाही तर तो वाढून चार-पाच फुटांचा होतो आणि त्याला बारीक, मऊ, हिरवा पिसारा फुटतो. हा पिसारा उन्हात अन्न तयार करतो आणि ते परत मुळांत जातं. पिसारा जितका निरोगी, तितके पुढच्या हंगामाचे कोंब जाड. म्हणून नवख्या माणसाने पहिल्या वर्षी कोंबांकडे भाजी म्हणून बघूच नये.

गड्डे मिळवायचे कुठून

इथे बहुतेकांची गाडी अडते. उरुळी कांचन, लोणी काळभोर किंवा सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीत जाऊन नुसतं ‘ॲस्परॅगस आहे का’ विचारलं तर हमखास दुसरंच रोप समोर येतं. पुष्पगुच्छात घालतात ती चपट्या, जाळीदार फांद्यांची प्लुमोसस जात, लटकत्या कुंडीतली स्प्रेंगेरी, किंवा मग औषधी शतावरी. ही सगळी एकाच वंशातली झाडं. शतावरी तर आपल्या सह्याद्रीतलीच, पावसाळ्यात तिचे कोवळे कोंब रानभाजी म्हणून खाल्लेही जातात. पण तिला काटे असतात, ती वेलीसारखी आधार शोधत चढते, आणि मांसल कोंबांची भाजी हवी असेल तर तिचा उपयोग नाही. सजावटीच्या जाती तर खायच्याच नाहीत. म्हणून विचारताना ‘भाजीचा ॲस्परॅगस, ऑफिसिनॅलिस’ असं स्पष्ट म्हणा आणि जातीचं नाव मागा. नाव सांगता आलं नाही तर रोप घेऊ नका.

जातींमध्ये मी पुण्यासाठी ‘यूसी १५७’ला पहिली पसंती देईन. ही कॅलिफोर्नियात तयार झालेली जात उबदार हवेत चांगली चालते. ‘मेरी वॉशिंग्टन’ ही जुनी जात, बियाणं सहज मिळतं, येतेही बऱ्यापैकी. ‘जर्सी’ मालिकेतल्या जाती मुळात थंड प्रदेशासाठी काढलेल्या आहेत, त्यांच्या मागे लागू नका. ॲस्परॅगसमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात. मादी झाडाला लाल फळं धरतात आणि तिची ताकद बियांत जाते, त्यामुळे नर झाडं जास्त कोंब देतात. पण गड्ड्याकडे बघून नर-मादी ओळखता येत नाही, तेव्हा विकत घेताना त्यावर वेळ घालवू नका.

गड्डे भारतात फार कमी ठिकाणी विकले जातात. मिळाले तर बहुधा ऑनलाइन, हिवाळ्याच्या सुमाराला, थंड प्रदेशातून आलेले. पार्सल आलं की त्याच दिवशी उघडा. चांगला गड्डा हाताला टणक लागतो, मुळं फिकट तपकिरी आणि भरीव असतात, डोळे शाबूत असतात. मुळं दाबल्यावर पिचपिचीत लागली, आतून पाणी आलं, आंबूस वास आला किंवा बुरशीचा कापूस दिसला तर तो गड्डा लावू नका, कारण सडलेल्या गड्ड्याबरोबर रोग तुमच्या मातीत येतो आणि मग वर्षानुवर्षं जात नाही. लगेच लावता येणार नसतील तर किंचित ओलसर कोकोपीटमध्ये गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. काही दिवस सहज राहतात.

मुलगा-सून अमेरिकेत असतात, येताना सामानात दहा गड्डे टाकून आणतील, हा विचार पुण्यात अनेक घरांत होतो. तसं करू नका. परदेशातून जिवंत रोपं, गड्डे, कंद आणायला परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशात तसा नियम आहे, आणि त्यामागे कारणही आहे. नवा रोग एकदा देशात शिरला की त्याला परत पाठवता येत नाही.

गड्डे मिळालेच नाहीत तर बियांपासून स्वतः तयार करा. एक वर्ष जास्त लागतं, पण रोप पहिल्यापासून आपल्याच हवेत वाढलेलं असतं, आणि मला तर हाच रस्ता जास्त खात्रीचा वाटतो. फेब्रुवारीच्या शेवटी बी चोवीस तास कोमट पाण्यात भिजवा आणि कोकोपीट-गांडूळखताच्या मिश्रणात अर्धा ते पाऊण इंच खोल, एका पिशवीत एक असं पेरा. उगवायला दोन ते तीन आठवडे लागतात, कधी जास्तही, म्हणून घाईने उकरून बघू नका. पहिला पावसाळा या पिशव्या पागोळ्यांपासून दूर, छताखाली पण उजेडात काढा. दिवाळीनंतर पिशवी फाडली की आत छोटा पण जिवंत गड्डा तयार असतो. तो लहान वाटला तर आणखी एक वर्ष मोठ्या पिशवीत ठेवा.

जागा

किमान सहा तास थेट ऊन हवं. आठ तास मिळालं तर उत्तम. बंगल्याच्या किंवा सोसायटीच्या आवारात दक्षिण किंवा पूर्वेची बाजू बघा. आंबा, गुलमोहर, अशोक यांच्या मुळांपासून दूर राहा. हा वाफा वर्षानुवर्षं तिथेच राहणार, तेव्हा दोन वर्षांनी जिथे पार्किंग होणार आहे किंवा पाण्याची नवी टाकी बसणार आहे ती जागा नको. पिसारा चार-पाच फूट वाढतो आणि मागच्या झाडांवर सावली धरतो, त्यामुळे वाफा बागेच्या उत्तरेच्या कडेला असलेला बरा.

जागा ठरवायची खरी वेळ पावसाळ्यात असते. ऑगस्टमध्ये जोराची सर येऊन गेली की अर्ध्या तासाने छत्री घेऊन बागेत फिरा. जिथे पाणी अजून चकाकतंय ती जागा बाद. पावसाळा उलटून गेला असेल तर एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि दुसऱ्यांदा भरलेलं पाणी किती वेगाने उतरतं ते पट्टीने मोजा. तासाला इंचभर तरी उतरायला हवं. पुण्याच्या बऱ्याच भागात, मुठेच्या आणि मुळेच्या काठच्या जुन्या शेतजमिनींवर उभ्या राहिलेल्या वस्त्यांमध्ये, काळी चिकण माती असते. तिथे हे पाणी दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात दिसतं. तशा मातीत थेट चर खणून गड्डा लावणं म्हणजे तो हौदात ठेवणं. परदेशातल्या पुस्तकांत ‘आठ इंच खोल चर खणा’ असं लिहिलेलं असतं, ते त्यांच्या हलक्या, रेताड जमिनीसाठी. आपण जमिनीच्या वर जायचं.

उंच वाफा

चौघांच्या घराला दहा-बारा गड्डे पुरतात. बारा गड्ड्यांसाठी चार फूट रुंद आणि नऊ फूट लांब वाफा करा. चार फुटांपेक्षा रुंद केला तर मधल्या झाडापर्यंत हात पोचत नाही आणि वाफ्यात पाय ठेवावा लागतो, तो कधीच ठेवायचा नाही. माती दबली की पाण्याची वाट बंद होते.

आधी खालची जमीन कुदळीने नऊ-दहा इंच मोकळी करा. हरळी आणि लव्हाळा यांच्या गाठी, मुळं, काड्या एकूण एक वेचून काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण यात कुचराई केली तर पुढची दहा वर्षं ॲस्परॅगसच्या मुळांत गुंतलेला लव्हाळा उपटत बसाल, आणि तो गड्ड्याला धक्का न लावता निघत नाही. पूर्ण ऑक्टोबर यासाठी द्या: खणा, पाणी घाला, जे उगवेल ते काढा, पुन्हा पाणी घाला, पुन्हा काढा. मग चारी बाजूंनी विटांची कड रचा, जमिनीपासून फूटभर उंच. विटा सिमेंटने जोडू नका. फटींतून पाणी निघून गेलं पाहिजे.

आत भरायचं मिश्रण: दोन भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग धुतलेली जाडसर वाळू किंवा कच, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि अर्धा भाग गांडूळखत. एवढ्या वाफ्याला दोन-तीन किलो निंबोळी पेंड आणि किलोभर हाडांचा चुरा मिसळा. हाडांचा चुरा चालत नसेल त्यांनी सिंगल सुपर फॉस्फेट वापरावं, मुळांच्या वाढीला स्फुरद (फॉस्फरस) लागतो. ‘पूर्ण कुजलेलं’ या शब्दावर मी अडून बसतो, कारण अर्धकच्च्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या येतात. या पांढऱ्या, वळलेल्या अळ्या ॲस्परॅगसची मांसल मुळं कुरतडून खातात आणि वरून काही कळत नाही, झाड नुसतं मलूल होत जातं. खत हातात चुरून बघा. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसानंतरच्या मातीच्या वासाचं असेल तर घ्या. शेणाचा वास येत असेल तर ते अजून दोन महिने पडू द्या.

चुना टाकू नका. ॲस्परॅगसला आम्ल माती आवडत नाही, त्याला सामू (पीएच) ६.५ ते ७.५ हवा असतो, म्हणून परदेशी लेखांत चुना टाकायला सांगतात. दख्खनच्या काळ्या मातीचा सामू आधीच ७.५ च्या पुढे असतो, तिला चुना कशाला? राखही जपून. बोअरच्या जड पाण्याची मात्र चिंता करू नका, क्षार सोसण्यात हे झाड पटाईत आहे. तण मारायला वाफ्यात मीठ टाकण्याची एक जुनी परदेशी पद्धत आहे. झाड ते सोसतं, पण माती खराब होते, तेव्हा ती आपल्याकडे आणू नका.

गच्चीवरची गोष्ट थोडी वेगळी. अर्धा कापलेला मोठा ड्रम किंवा दीड फूट खोल, दोन फूट रुंद ग्रो बॅग घ्या आणि त्यात एक, फार तर दोन गड्डे लावा. लहान कुंडीत गड्डा जगतो पण पोसत नाही. मिश्रणात मातीचं प्रमाण निम्मं करून तेवढं कोकोपीट घाला, बुडाला सहा-आठ भोकं पाडा आणि ड्रम विटांवर ठेवा, म्हणजे भोकं स्लॅबला चिकटून बुजणार नाहीत. ओला अर्धा ड्रम शंभर किलोच्या आसपास जातो, तेव्हा तो स्लॅबच्या मध्यावर न ठेवता तुळईच्या किंवा भिंतीच्या रेषेवर ठेवा. जुनी इमारत असेल तर आधी जाणत्या माणसाला विचारा.

लावण्याचा दिवस

पुण्यात दिवाळी झाली की लावणी सुरू करा आणि जानेवारी संपायच्या आत संपवा. नोव्हेंबर सगळ्यात चांगला: पाऊस संपलेला असतो, माती अजून कोमट असते, आणि पुढचा जून यायच्या आत मुळांना सहा-सात महिने मिळतात. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेला गड्डा मुळं धरायच्या आतच पाण्यात सापडतो. हौसेने जूनमध्ये लावू नका, नर्सरीवाल्याने कितीही सांगितलं तरी.

सकाळी लवकर किंवा चारनंतर काम करा. ट्रायकोडर्मा पावडर लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम या प्रमाणात कालवा आणि गड्डे त्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा. ही उपकारक बुरशी मुळांवर बसली की सड आणणाऱ्या फ्युझेरियमला जागा कमी मिळते. तुटलेली किंवा सडलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा, बाकीची लांब आहेत म्हणून छाटू नका. गड्डे उघड्यावर उन्हात ठेवू नका, ओल्या गोणपाटाखाली झाकून एकेक काढा.

वाफ्यात लांबीच्या दिशेने दोन चर ओढा, प्रत्येक चर कडेपासून फूटभर आत, म्हणजे दोन चरांत दोन फूट अंतर राहतं. खोली सहा इंच, रुंदी फूटभर. चराच्या तळाशी मधोमध मातीचा दोन इंच उंच वरंबा करा. गड्डा त्या वरंब्यावर बसवा, डोळे वर, आणि मुळं दोन्ही उतारांवर पसरून द्या. मुळं एकमेकांवर चढलेली, गुंडाळलेली राहू देऊ नका. वरंबा करायचा तो यासाठीच: मुळं पसरतात आणि गड्ड्याच्या बुडाशी पाणी टिकत नाही. दोन गड्ड्यांमध्ये दीड फूट अंतर ठेवा. आता ते जास्त वाटेल, चौथ्या वर्षी कमी पडेल.

वर फक्त दोन इंच माती पसरा आणि हाताने हलके थोपटा. चर एकदम भरून टाकू नका. झारीने पाणी द्या, पाइपची धार नको. दोन-तीन आठवड्यांत शिसापेन्सिलीपेक्षा बारीक कोंब वर येतील. ते चार-पाच इंच झाले की आणखी दोन इंच माती ओढा, शेंडे उघडे ठेवून. असं करत सहा-आठ आठवड्यांत चर भरून सपाट होतो. शेवटी मातीवर उसाचं पाचट किंवा वाळलेल्या पानांचा दोन-तीन इंचांचा थर द्या, देठांना चिकटणार नाही असा.

एखादा गड्डा महिनाभरात वर आलाच नाही तर हळूच बोटाने चाचपून बघा. टणक लागला तर वाट पाहा, काही गड्डे उशिरा जागे होतात. मऊ लागला तर आसपासच्या ओंजळभर मातीसकट काढून कचऱ्यात टाका. कंपोस्टमध्ये नको.

पहिलं वर्ष

हिवाळ्यात तीन-चार दिवसांनी, मार्चपासून एक दिवसाआड पाणी. पण कॅलेंडर बघून पाणी घालण्यापेक्षा बोट घाला: दोन इंच खाली माती कोरडी लागली तरच पाणी, आणि मग ते भरपूर, खोलवर जाईल असं. ड्रमला एप्रिल-मेमध्ये रोज लागेल. पहिल्या उन्हाळ्यात दुपारच्या उन्हासाठी ३५ टक्क्यांची हिरवी जाळी बांधली तर कोवळ्या पिसाऱ्याला बरं पडतं, दुसऱ्या वर्षापासून तिची गरज नाही.

पिसारा वाढला की वळवाच्या वाऱ्यात तो आडवा होतो आणि बुडाशी डोळे हलतात. मे महिन्याआधी वाफ्याच्या चार कोपऱ्यांत बांबू ठोका आणि भोवतीने सुतळीचे दोन फेरे द्या, दोन फुटांवर आणि साडेतीन फुटांवर.

मग पावसाळा. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत, आणि पौड-मुळशीच्या दिशेने सरकाल तसा त्याहून बराच जास्त. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाचटाचा जुना थर काढून पातळ नवा घाला. तो काढून नुसती माती उघडी ठेवायची नाही, कारण पावसाच्या थेंबांनी उडालेली माती देठावर बसते आणि तिच्याबरोबर देठाच्या करप्याची बुरशी चढते. दमट उष्ण प्रदेशात ॲस्परॅगसचा हाच मोठा शत्रू. देठावर लांबट तपकिरी डाग दिसतात, त्यात काळे ठिपके येतात, आणि वरचा भाग वाळून जातो. असा देठ दिसला की त्याच दिवशी मातीलगत कापा आणि पिशवीत बांधून बाहेर टाका, कात्री स्पिरिटने पुसून घ्या. बुडाशी फार दाटी झाली असेल तर बारीक, कमकुवत देठ काढून हवा खेळती ठेवा. जमलं तर जुलै-ऑगस्टसाठी वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिकचं उतरतं छत बांधा, बाजू उघड्या ठेवून. चीनमध्ये पावसाळी भागातली शेती अशा छताखाली होते. घरगुती वाफ्याला बांबूचे सहा खांब आणि पारदर्शक प्लास्टिकचा एक कागद पुरतो, आणि माझ्या मते पुण्यातल्या पहिल्या पावसाळ्यात याहून मोलाची दुसरी मदत नाही.

रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचा. मोठी आफ्रिकन गोगलगाय एका रात्रीत कोवळा कोंब फस्त करते. हुमणीची शंका आली तर कडेची माती उकरून बघा, अळ्या वेचा आणि मातीत मेटारायझियम ही अळ्या मारणारी बुरशी मिसळा.

झोप कशी द्यायची

थंड देशांत नोव्हेंबरमध्ये पिसारा आपोआप पिवळा पडतो, झाड झोपतं आणि वसंतात ताज्या दमाने कोंब येतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १०-१२ अंशांपर्यंत उतरतात, तेवढ्याने झाड मंदावतं पण झोपत नाही. त्याला आपण झोपवायचं, पाणी तोडून. पेरूच्या वाळवंटात ठिबक बंद करून हेच करतात.

पहिला पावसाळा निघाला की डिसेंबरच्या मध्यापासून तीन-चार आठवडे पाणी अगदी थोडं द्या, ड्रमला आठवड्यातून एकदा, वाफ्याला तेही नाही. पिसारा पिवळा, मग तांबूस होऊ लागतो. हिरव्या पिसाऱ्यातलं अन्न या काळात मुळांत उतरत असतं, म्हणून तो हिरवा असताना कापू नका. जानेवारीच्या मध्याला सगळे देठ मातीलगत कापून काढा, वर दोन इंच शेणखत-गांडूळखत आणि मूठ-मूठ निंबोळी पेंड पसरा, आणि भरपूर पाणी द्या. दोन-तीन आठवड्यांत वाफा जागा होतो.

आता इथे परदेशी पद्धत आणि आपली पद्धत वेगळी करायला हवी. तिकडे येणारा प्रत्येक कोंब सहा-आठ आठवडे तोडतात आणि मग सगळे वाढू देतात. उबदार हवेत ही चैन परवडत नाही. आपल्या उष्ण मातीत मुळं सतत श्वास घेत असतात, साठा खर्च होत असतो, आणि पिसाराच नसेल तर तो भरून कोण काढणार? थायलंड आणि तैवानमधले शेतकरी म्हणून वेगळं करतात: आधी आलेले तीन-चार जाड कोंब तोडतच नाहीत, त्यांना वाढू देतात, आणि त्यांच्या पिसाऱ्याच्या बळावर नंतर येणारे कोंब तोडत राहतात. पुण्यासाठी मी हीच पद्धत सुचवतो. प्रत्येक गड्ड्याला तीन-चार राखीव देठ. तीन-चार महिन्यांनी ते जुने, पिवळट झाले की नवे कोंब राखीव ठेवून जुने कापायचे. पावसाळ्यात तोडणी बंद, सगळी ताकद झाडाला.

तोडणी

लावणीनंतरचा पहिला जानेवारी सोडा. दुसऱ्या जानेवारीत, म्हणजे गड्डा लावून वर्ष झाल्यावर, राखीव देठ वाढू द्या आणि त्यानंतरचे कोंब फक्त दोन आठवडे तोडा. तिसऱ्या हंगामापासून सहा ते आठ आठवडे, आणि झाड जोमात असेल तर पुढेही. थांबायची खूण कोंब स्वतः देतात: शिसापेन्सिलीपेक्षा बारीक यायला लागले की गड्ड्यातला साठा संपत आला. त्या दिवशी तोडणी बंद.

कोंब सहा-सात इंचांचा आणि शेंडा घट्ट मिटलेला असताना घ्यायचा. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापलं की कोंब झपाट्याने वाढतात आणि शेंडे कमी उंचीवरच उलगडतात, म्हणून तेव्हा पाच-सहा इंचांवरच घ्या आणि रोज सकाळी वाफा बघा. मातीलगत सुरीने कापा, पण सुरी मातीत खुपसू नका, शेजारचा न दिसणारा डोळा कापला जातो. नाहीतर बोटांनी वाकवून मोडा, तो जिथे कोवळा आहे तिथेच तुटतो.

दोन सूचना घरच्यांसाठी. मादी झाडावरची लाल फळं खाण्याची नाहीत. ती मोहक दिसतात, त्यामुळे लहान मुलं असतील तर वेचून टाका. आणि ॲस्परॅगस खाल्ल्यावर लघवीला वेगळाच वास येतो, घाबरायचं कारण नाही, कोंबातल्या गंधकयुक्त द्रव्यामुळे तसं होतं.

तोडल्यापासून कोंबातली साखर भराभर कमी होते, म्हणून दुकानातल्या जुडीला ही चव कधीच येत नाही. त्याच दिवशी खा. ठेवायचे असतील तर ग्लासात इंचभर पाणी घेऊन कोंब त्यात उभे करा आणि फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस. भाजी करताना बुडाचा दोराळ भाग सोलून त्याचे तुकडे वेगळे करा आणि शेंडे वेगळे. तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची, मग आधी बुडाचे तुकडे, झाकण ठेवून तीन-चार मिनिटं. शेंडे त्यानंतर घाला, मीठ आणि ओलं खोबरं टाका, आणि दोन मिनिटांत गॅस बंद करा.